टोनी हॉकचं घड्याळ परत कोणी लावलं?

प्रश्न : शाळेत असताना आग्रा रोडच्या मागे एका सायबर कॅफेत आम्ही दोघं भाऊ ‘टोनी हॉक’ हा स्केटबोर्डचा गेम खेळायचो. चौथ्या भागात वेळेचं बंधन नव्हतं, मनसोक्त हिंडता यायचं, असं मला पक्कं आठवतं. आता भाच्यानं नवा ‘३+४’ घेतलाय. तेच लंडन, तेच अल्काट्राझ, पण दोन मिनिटांत खेळ खलास! भाचा म्हणतो, “मामा, हा गेम पहिल्यापासून असाच आहे.” खरं कोणाचं? आणि चांगला चाललेला गेम कंपन्या दर वेळी बदलतात तरी कशाला?
— एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : तुमची आठवण पक्की आहे. ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ४’ २००२ साली प्लेस्टेशन २ वर आला आणि पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर. त्यात मुख्य खेळाला घड्याळ नव्हतं. मैदानात उतरायचं, वाटेल तेवढं भटकायचं, कोपऱ्यात उभ्या असलेल्या एखाद्या पात्राजवळ जाऊन बटण दाबायचं. मग ते काहीतरी काम सांगणार आणि वेळ मोजली जाणार ती त्या कामापुरती. ११ जुलै २०२५ ला आलेल्या ‘३+४’ मध्ये आयर्न गॅलेक्सी या स्टुडिओनं चौथ्या भागाची मैदानं उचलून तिसऱ्या भागाच्या साच्यात बसवली. दोन मिनिटं, समोर कामांची यादी, वेळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. कार्निव्हल आणि शिकागो ही जुनी मैदानं तर गाळूनच टाकली. जुन्या खेळाडूंनी यावर बराच आरडाओरडा केला, तेव्हा तक्रार तुमच्या एकट्याची नाही. भाच्याचंही अगदीच चूक नाही म्हणा. पहिल्या तिन्ही भागांत घड्याळ होतंच.

ते घड्याळ आलं कुठून, हे पाहिलं की पुढचं बरंच उलगडतं.

नेव्हरसॉफ्ट ही कॅलिफोर्नियातली लहानशी कंपनी. तिनं ब्रूस विलिस या नटाला घेऊन ‘अपॉकॅलिप्स’ नावाचा गोळीबाराचा गेम केला होता. ॲक्टिव्हिजन या प्रकाशक कंपनीनं स्केटबोर्डचा गेम करायला सांगितल्यावर त्याच गेमचं इंजिन वापरून पहिला नमुना उभा राहिला. त्यामुळे स्केटबोर्डपटू टोनी हॉकला जो नमुना दाखवला, त्यात फळीवर स्वार होता ब्रूस विलिस, तोही पाठीला बंदूक लावून! हॉकला तरीही गेम आवडला. ॲक्टिव्हिजननं पुढे त्याला ५ लाख डॉलर एकरकमी देऊ केले, ते त्यानं नाकारले आणि विक्रीतला वाटा मागितला. इतका शहाणा व्यवहार खेळाडूंच्या हातून क्वचितच होतो.

तर घड्याळ. नेव्हरसॉफ्टच्या मंडळींसमोर सेगाचा ‘टॉप स्केटर’ होता. तो आर्केडमधला, म्हणजे नाणं टाकून उभ्यानं खेळायचा गेम. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला खेळ लवकर संपलेला हवा असतो, म्हणजे पुढचं नाणं पडतं. ती घाई घरच्या प्लेस्टेशनवर १९९९ साली दोन मिनिटांची मर्यादा होऊन आली. गंमत अशी, की आपल्याकडच्या कॅफेला ती झकास मानवली. ताशी पैसे मोजून एका कॉम्प्युटरवर दोघं बसलेले, एक खेळी तुझी, एक माझी. त्यात खान्देशातलं त्या वेळचं भारनियमन. वीज गेली आणि कॅफेवाल्याच्या बॅटरीनं मान टाकली, तर नुकसान फार तर दोन मिनिटांचं. लांबलचक गोष्ट सांगणारे गेम अशा ठिकाणी कोण पुरे करणार?

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे बदल का होतात याकडे वळू. त्यासाठी बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवा. उजव्या बाजूच्या अंकांच्या कळा आठवतात ना? २ म्हणजे उडी, ४ म्हणजे फळी पायाखाली गरकन फिरवणं, ६ म्हणजे हवेत फळी हातानं पकडणं, ८ म्हणजे कठड्यावरून घसरत जाणं. पहिल्या भागात उतारावरून उडालात, फळी फिरवलीत, कठड्यावर घसरलात आणि जमिनीवर आलात, की हिशेब बंद. गुण जमा, पुढचा डाव नव्यानं.

२००० सालच्या दुसऱ्या भागात एकच गोष्ट वाढली, ‘मॅन्युअल’. वर-खाली अशा दोन कळा पटकन दाबल्या, की गडी पुढची चाकं उचलून फक्त मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत पुढे सरकतो. कृती दिसायला साधी. पण आता सपाट जमीनही डावात आली. कठडा संपला तरी हिशेब बंद होत नाही, मॅन्युअल करत दुसऱ्या कठड्यापर्यंत जाता येतं. या गेममध्ये एका डावातल्या साऱ्या करामतींचे गुण आधी एकत्र होतात आणि मग करामती जितक्या, तितक्या पटींनी वाढतात. पाच करामती जोडल्या तर पाचपट, वीस जोडल्या तर वीसपट. तीच करामत पुन्हापुन्हा केली तर तिचं मोल घटत जातं, म्हणून हातात विविधता हवी. हाव वाढवण्याची याहून सुबक सोय मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसलेली नाही. शेवटच्या क्षणी तोल गेला, की सगळे गुण मातीमोल.

तरी एक जागा तुटकच राहिली होती. अर्धगोल उतारावरून उंच उडी मारून खाली आलं, की डाव संपायचा. २००१ च्या तिसऱ्या भागात ‘रिव्हर्ट’ आलं. उतारावर टेकता टेकता फळीला अर्धी गिरकी द्यायची, लगेच मॅन्युअल पकडायचं आणि निघायचं पुढे. आता आकाश, कठडा, जमीन सगळं एका माळेत. तरबेज पोरगा एकदा उडाला की घड्याळाचे दोन आकडे शून्यावर येईपर्यंत खालीच टेकेना. हजारांतले गुण लाखांत गेले.

माझ्या मते चौथ्या भागातलं घड्याळ इथेच गळालं. खेळाडूच्या हातात इतकी ताकद आली, की दोन मिनिटांची मर्यादा आणि तिच्यासाठी बेतलेली आटोपशीर मैदानं दोन्ही तोकडी पडली. म्हणून मैदानं पसरली, माणसं आली, कामं वाटली जाऊ लागली. बदल वरवरचा नव्हता, आधीच्या बदलांतूनच निघालेला होता. म्हणून तर तुम्हाला तो आजही आठवतो.

यानंतरचे बदल मात्र वेगळ्या जातीचे. १९९९ ते २००७, सलग नऊ वर्षं दरवर्षी एक नवा मुख्य भाग बाजारात आला. दिवाळी अंकासारखी ठरलेली वेळ म्हणा. आणि दरवर्षी डब्यावर ‘नवीन काय’ हे छापायचं असतं. २००३ च्या ‘अंडरग्राउंड’मध्ये फळीवरून उतरून पायी चालता येऊ लागलं, न्यू जर्सीतल्या एका पोराची गोष्ट आली, दगाबाज मित्र आला. हा भाग मला अजून आवडतो. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या ‘अंडरग्राउंड’मध्ये चावटपणा आणि आचरटपणा वाढला. २००५ च्या ‘अमेरिकन वेस्टलँड’मध्ये लॉस एंजेलिस शहर सलग जोडलेलं आलं, वर सायकलही चालवायला दिली. फळीचा खेळ विकत घ्यायचा आणि सायकल चालवायची! २००६ च्या ‘प्रोजेक्ट ८’मध्ये वेळ मंद करून एकेक पाय वेगळा हलवायची सोय. तोवर नाकापेक्षा मोती जड झाला होता. नवा माणूस आत शिरायचा तर त्याला आधी सहा-सात वर्षांच्या कळा पाठ करायला लागत.

आणि २००७ साली शेजारच्या दुकानात ‘स्केट’ आला. ईए या कंपनीच्या ब्लॅक बॉक्स स्टुडिओनं कळांचा सगळा पसारा बाजूला सारला आणि कंट्रोलरची उजवी दांडी म्हणजे तुमचे पाय, असं ठरवून टाकलं. दांडी मागे ओढून पुढे झटकली की फळी उडते. लाखांचे गुण नाहीत, एक साधी उडी नीट जमली तरी आनंद. त्या वर्षी ‘स्केट’ टोनी हॉकच्या ‘प्रूव्हिंग ग्राउंड’पेक्षा जास्त विकला गेला. नेव्हरसॉफ्टचं लक्ष एव्हाना ‘गिटार हिरो’ या दुसऱ्या गेमकडे लागलं होतं आणि ‘प्रूव्हिंग ग्राउंड’ हा या मालिकेतला त्यांचा शेवटचा भाग ठरला.

आता तुमच्या-आमच्याकडची एक गोष्ट, जी अमेरिकेतल्या खेळाडूंच्या आठवणीत नाही. ‘अमेरिकन वेस्टलँड’ कॉम्प्युटरवर २००६ साली आला. ‘प्रोजेक्ट ८’ आला नाही. ‘प्रूव्हिंग ग्राउंड’ही नाही. २००९ च्या ‘राइड’मध्ये कंट्रोलरच्या जागी खरीखुरी फळी द्यायची टूम निघाली, किंमत १२० डॉलर, पायाखाली ती धड चालायची नाही. तोही आला नाही. २०१५ चा ‘प्रो स्केटर ५’ हॉकशी असलेला करार संपायच्या आत घाईघाईनं काढला. डिस्कवर जेवढा गेम होता त्याहून मोठी दुरुस्तीची फाइल पहिल्याच दिवशी डाउनलोड करायला लागली. कॉम्प्युटरवर तोसुद्धा नाही. म्हणजे धुळे-जळगावात कॅफेत किंवा घरच्या कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या पोरांनी या मालिकेचा चढ पाहिला आणि घसरण पाहिलीच नाही. मधे २०१२ साली एक ‘एचडी’ आवृत्ती आली, तेवढीच. त्यामुळे ‘चांगला चाललेला गेम’ हे तुमचं म्हणणं कॅफेतल्या माणसाचं आहे. ज्यांनी ‘राइड’ला पैसे मोजले त्यांना विचारा!

या पडझडीनंतर ॲक्टिव्हिजननं मागे वळून पाहिलं. व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओनं २००१ साली दुसरा भाग गेम बॉय ॲडव्हान्सच्या चिमुकल्या पडद्यावर बसवून दाखवला होता. त्याच स्टुडिओनं ४ सप्टेंबर २०२० ला पहिले दोन भाग नव्यानं रंगवून ‘१+२’ आणला. दहा दिवसांत दहा लाख प्रती गेल्या. मैदानं जुनी, घड्याळ जुनं, पण हात नवे. पहिल्या भागाच्या मैदानांतही मॅन्युअल आणि रिव्हर्ट चालतं, जे १९९९ ला अस्तित्वातच नव्हतं. खेळाडूंचे चेहरेही आजच्या वयाचे केले, हॉक बावन्न वर्षांचा दिसतो आणि त्याचा मुलगा रायलीही खेळायला आहे. मला हे फार आवडलं. लगोलग ३ आणि ४ ची पाळी होती, पण २०२१ च्या सुरुवातीला कंपनीनं हा स्टुडिओ ब्लिझार्ड या आपल्याच दुसऱ्या शाखेत विलीन केला आणि बेत बारगळला. काम अखेर आयर्न गॅलेक्सीकडे गेलं. एका डब्यात दोन गेम, त्यांना एकच चाल हवी, आणि ‘१+२’ ज्या चालीवर खपला तीच धरायची, असा हिशेब झालेला दिसतो. त्या हिशेबात तुमचा चौथा भाग बळी गेला.

अशा निर्णयांत खेळाडूला फार कोणी विचारत नाही. पुण्याच्या नॉटिलस मोबाइलची ‘रिअल क्रिकेट’ ही मोबाइलवरची मालिका घ्या. नावापुढे सालाचा आकडा लावून तीही वर्षानुवर्षं येते आहे. कंपनी आधी पुण्याच्याच जेटसिंथेसिसकडे गेली आणि २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनकडे. मालक बदलला की पुढच्या भागात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवणारी खोली बदलते. टोनी हॉकचंही तेच, २०२३ पासून ॲक्टिव्हिजनच मायक्रोसॉफ्टच्या घरात आहे.

आपल्या पोरांनी यावर एक उपाय फार आधी शोधला. ईएचा ‘क्रिकेट ०७’ आठवत असेलच. २००६ च्या अखेरीस आला आणि त्यानंतर ईएनं क्रिकेटचा हात सोडला, तो कायमचा. तरी गेम मेला नाही. पोरांनीच नवे संघ, नवे गणवेश, आयपीएलची मैदानं त्यात घालून तो वर्षानुवर्षं ताजा ठेवला. कंपनी बदल करत नाही, तर आम्ही करतो! टोनी हॉकच्या चाहत्यांनी तेच केलं. कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या ‘अंडरग्राउंड’वर ‘थग प्रो’ नावाचं कलम चढवलं आणि जवळजवळ सगळ्या भागांची मैदानं त्यात आणून बसवली. हौशी काम आहे, पण मालिकेवर त्यांचं प्रेम कंपनीपेक्षा जास्त असल्याचं दिसतं.

भाच्याच्या ‘३+४’ मध्ये तुमच्यासाठी दोन वाटा उघड्या आहेत. ‘फ्री स्केट’ निवडलंत तर घड्याळ उरतच नाही, आणि सेटिंगमध्ये जाऊन डावाची वेळ वाढवायची सोयही दिली आहे. कामं सांगणारी पात्रं मात्र पूर्वीसारखी भेटणार नाहीत. त्यांच्यासाठी जुनाच गेम शोधायला हवा. आणि जुना गेम कीबोर्डवर खेळणार असाल तर एक सूचना. स्वस्त कीबोर्डवर काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या, की तिसरी कळ नोंदलीच जात नाही. कॅफेत तुमचा मोठा भाऊ “मी दाबलं होतं रे!” म्हणून चिडत असेल, तर दर वेळी तो थापा मारत नव्हता.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा हाच गेम खेळून आता खरा स्केटबोर्ड मागतो आहे. गेममुळे त्याला काही आयतं येत असेल का? आणि आमच्या रस्त्यांवर हे चालेल का?
— एक पालक, जळगाव

उत्तर : करामतींची नावं आयती येतील, अंगात काहीही येणार नाही. गेममध्ये आपटलेला गडी दोन सेकंदांत उठून पळतो, मनगट कधीच मोडत नाही. हवेत अडीच गिरक्यांची जी ‘९००’ नावाची उडी गेममध्ये तीन-चार कळांत बसते, ती खुद्द टोनी हॉकनं पहिल्यांदा साधली २७ जून १९९९ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स गेम्समध्ये. एकामागून एक प्रयत्न फसत गेले, स्पर्धेची अधिकृत वेळही उलटून गेली, तेव्हा कुठे जमली. मुलाला हे दृश्य जरूर दाखवा. गेमपेक्षा त्यातून जास्त शिकेल.

फळी मागतोय म्हणून घाबरून जाऊ नका. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी रोलर स्केटची चाकं लाकडी फळीला ठोकली, तिथून हा खेळ सुरू झाला. आपल्या गल्ल्यांत गॅरेजवरची जुनी बेअरिंगं मागून आणून फळीला लावत आणि खडखडाट करत पोरं उतारावरून सुटत, ते याहून वेगळं नव्हतं. आज हा ऑलिंपिकचा खेळ आहे, टोकियोपासून. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं स्केटबोर्डिंगमध्ये महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिलं. तेव्हा ‘हे आपलं काम नाही’ असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

रस्त्यांचं विचाराल तर डांबरी रस्ता सोडाच. एक लहानसा खडा चाकाखाली आला तरी फळी जागेवर थांबते आणि माणूस पुढे जातो. गुळगुळीत काँक्रीट हवं. सोसायटीचं पार्किंग, शाळेचं बास्केटबॉलचं मैदान, सभागृहाबाहेरचा कोबा. खरेदी करताना चाकांवरचा आकडा पाहा. ९९ किंवा १०१ आणि पुढे ‘ए’ असं लिहिलेली चाकं टणक असतात, ती करामतींसाठी आणि स्केटपार्कसाठी. ७८ ते ८५ च्या आसपासची मऊ असतात, ती जराशा खडबडीत जागेवरही निभावतात. जळगावात सुरुवात करणाऱ्यानं मऊच घ्यावीत. फळी सात थरांची मेपल लाकडाची असावी. खेळण्यांच्या दुकानातली रंगीत, हलकी फळी स्वस्त पडते, पण चाकं फिरतच नाहीत आणि पोरगं आठवड्यात कंटाळतं.

पहिले काही दिवस उड्या बंद. नुसतं उभं राहणं, ढकलणं, वळणं आणि थांबणं. थांबणं सगळ्यांत आधी, कारण गेममध्ये ते कोणी शिकवत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच बाहेर काढा, तापलेल्या काँक्रीटवर पडलं तर खरचटण्याबरोबर भाजतंही. आणि दुकानात गेलात की आधी हेल्मेट, मनगट-गुडघ्याची पॅडं घ्या, उरलेल्या पैशांत जी बसेल ती फळी. पैसे दोन्हींना पुरत नसतील तर फळी पुढच्या महिन्यात.